कुंपणापलीकडची केळ

पिंप्राळ्यातल्या आमच्या घरामागे छोटी परसबाग आहे. कुंपणापलीकडे शेजारच्या नानांनी केळीची चार रोपं लावली. सत्यनारायणाच्या चौरंगाला बांधायला ती मुळासकट आणलेली होती. पूजेतली केळ फेकायची नाही, हा त्यांचा नेम.

पावसाळ्यात पानांवर पिवळ्या रेघा उमटल्या. आमच्याकडे या रोगाला हरण्या म्हणतात. मावा किडीच्या सोंडेतून त्याचा विषाणू काही क्षणांत दुसऱ्या झाडावर जातो, आणि काकडी त्याला केळीइतकीच चालते. माझ्या मांडवावर काकडीच होती, आईने जपलेल्या बियाण्याची. सगळं बी मी त्या वर्षी पेरलं होतं. ते वाण दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. मी नानांना रोपं उपटून जाळायला सांगितलं. नाना मूळचे दोंडाईच्याचे. म्हणाले, "देवनी केळ शे, भाऊ. तिले कसाना रोग?" गल्लीत मात्र त्यांनी सांगितलं, की त्यांची केळ माझ्या डोळ्यांत खुपते.

तीन आठवड्यांत वेल आखडले. काकड्या वाकड्या आणि खडबडीत निघाल्या. बी धरण्याजोगी एकही नव्हती.

उन्हाळ्यात या रोगाची लक्षणं झाकली जातात, विषाणू मात्र कंदात आणि पिल्लांत तसाच राहतो. मे महिन्यात नानांची केळ हिरवीगार होती. लेकीच्या रावेरच्या मळ्यात लावायला त्यांनी मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली पिल्लं, खणून काढली आणि केळ कशी वाटते ते मला विचारलं.

"पानं एकदम स्वच्छ आहेत, नाना."

वाक्य अचूक होतं. मुनव्यांचं पोतं रिक्षात चढवायला मी हात लावला. त्या दिवशी जेवण चांगलं गेलं.

ऑगस्टमध्ये लेक आली. मुनव्यांची ओळ गेलीच, पण लगतची नवी लागवडही उपटून जाळावी लागली होती. तिने केळ तोडली, कंद खणले. नाना ओट्यावर बसून राहिले. मग ती कुंपणाशी आली.

"काका, तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मी काय केलं होतं तुमचं?"

तिचा विचार मी केलाच नव्हता. तेही तिला सांगितलं. तिने विळ्याची माती काढली. मग म्हणाली, नानांना सांगू नका, पूजेत काही चुकलं म्हणून देव कोपला असं ते धरून बसलेत.

मी सांगितलेलं नाही. पण तो देवाचा कोप नव्हता, माझंच काम होतं, हे त्यांना कळावं, असं अजून रोज वाटतं.