कापड उजेडात नेऊन

आमचं कापडाचं दुकान दुर्गदबैलाच्या बाजारात, आणि माझं शिक्षण सातवी, तेही कन्नड शाळेत. इंग्रजी मी उचललं ते गाठींना गुंडाळून येणाऱ्या जुन्या पेपरांवरून आणि पुढं मुलांच्या पुस्तकांवरून. वाचता यायला लागलं, लिहिताही. पण बोलायचं कुणाशी? गिऱ्हाईकाशी का?

मग थोरल्या नणंदेची दृष्टी गेली. त्यांना आम्ही सगळे आक्का म्हणायचो. धारवाडच्या कॉलेजात त्यांनी आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, लग्न केलं नाही. काचबिंदूनं आधी नजरेच्या कडा खाल्ल्या, मग मधलं. अंधार पुरता झाल्यावर त्या आमच्याकडं राहायला आल्या आणि दुसऱ्याच दिवशी मला म्हणाल्या, "आजपासून रोज काहीतरी बघून मला सांगायचंस. इंग्रजीत."

"अहो आक्का, मराठीत सांगते की. मला कुठं तेवढं येतंय?"

"म्हणूनच तर. मराठीत तू माझी कीव करशील, गोड गोड सांगशील, आणि मला कळायचंसुद्धा नाही. इंग्रजीत खोटं बोलण्याइतके शब्द नाहीत तुझ्याजवळ."

हसून बोलल्या हो, पण मस्करी नव्हती ती. राहिलेलं जग त्यांना आता माझ्या तोंडूनच दिसणार होतं.

पहिल्याच दिवशी दारावरून कापसाचा गाडा गेला. कापूस बर्फासारखा शुभ्र आहे, असं मी इंग्रजीत सांगितलं. पुस्तकातलं वाक्य, केवढा अभिमान मला!

"सुळ्ळ!" आक्का कन्नडात कडाडल्या. खोटं! "बर्फ कुठं पाहिलास गं तू? सरबताच्या गाड्यावर, भुशात लोळलेला? तो शुभ्र असतो?"

मी दुसरी उपमा शोधू लागले.

"अप्पांचा नियम विसरलीस?"

अप्पा म्हणजे माझे सासरे. दुकानातल्या दिव्याखाली रंग फसवतो, म्हणून कापड फाडायच्या आधी ते उंबऱ्याबाहेर उन्हात नेऊन दाखवायचं, गिऱ्हाईक राहू दे म्हणालं तरी, असा त्यांचा नियम.

"उपमापण तशीच बाहेर नेऊन बघ. टिकली, तरच मला दे."

मी पुन्हा गाड्याकडं बघितलं. तो वळणावर पोचला होता. म्हटलं, दोनदा धुतलेल्या मांजरपाटासारखा आहे, थोडा पिवळट. आक्कांनी स्वतःच्या पदराचं टोक चिमटीत धरलं. "हां," म्हणाल्या, "आता दिसला."

अशी आमची शाळा कितीतरी वर्षं चालली. इंग्रजी वाढत गेलं, आणि शब्द वाढले तशी खोटं बोलायची ताकदही आली. ती आली हे मला कळलं धारवाडच्या वाटेवरच्या उणकलच्या तळ्यावर.

तरुणपणी घरून कॉलेजला परतताना आक्का धारवाडची बस मुद्दाम सोडायच्या आणि त्या तळ्याच्या काठावर बसायच्या. फार दिवस म्हणत होत्या, एकदा ने गं. नेलं एका दुपारी रिक्षातनं. बघते तर काठाला इमारती चिकटलेल्या, जलपर्णी पार मध्यापर्यंत, आणि वास.

"सांग," आक्का म्हणाल्या. तोंड पाण्याकडं केलेलं, हात मांडीवर, परीक्षेला बसलेल्या पोरीसारख्या.

पाणी म्हणजे वितळलेली चांदी, असं इंग्रजी वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. वाक्य सुरेख होतं, देवाशपथ, आणि त्या सुखानं घरी गेल्या असत्या. कोण सांगणार होतं त्यांना?

पण ते वाक्य उन्हात धरवेना. शेवटी इंग्रजीतच सांगितलं, जुनी इरकल साडी आहे. काठ कुरतडलेले. वर कुणीतरी हिरव्या जाड कापडाची ठिगळं लावलीत, मोठीच्या मोठी.

आक्कांच्या गालावरून एक थेंब उतरला, तो त्यांनी पुसला नाही. मग मराठीत विचारलं, "अंग झाकतंय का अजून?"

मी नीट बघितलं. मध्यभागी, ठिगळांच्या फटीत, पाणी हलत होतं.

"झाकतंय, आक्का. जेमतेम."

त्यांनी चाचपत माझा हात धरला. ऊन उतरेपर्यंत दोघी तशाच बसलो. त्यानंतरही रोज सांग म्हणायच्या, पण इंग्रजीत सांग असं कधीच म्हणाल्या नाहीत.