पत्र्याच्या शंकूचं टोक

पत्रेवाल्या आकारामला श्रीपाल मास्तरांविषयी खरं तर फारसं ठाऊक नव्हतं. ते मूळचे पेठ वडगावचे, शाळेत गणित शिकवायचे आणि जैन म्हणून सूर्य मावळायच्या आत जेवायचे, एवढंच. त्यांच्या डोक्यात काय चाललेलं असायचं, ते त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही.

चोपन्न सालच्या दिवाळीनंतर मास्तर दुकानात आले. "आकारामदादा, पत्र्याचा शंकू पाहिजे. वीतभर उंच. टोक सुईसारखं."

"नरसाळं व्हय?"

"नाही हो. पुण्यात गणितातल्या जाणत्या मंडळींपुढं बोलायचंय. पहिल्यांदाच बोलावलंय मला."

निघायच्या आदल्या दिवशी, ऊन कलल्यावर ते न्यायला आले आणि शंकू पाहून त्यांचा चेहरा पडला. टोकावर सांधा जोडायच्या डाकेचा, वितळवलेल्या कथलाचा, वाटाण्याएवढा गोळा होता, छान घासून गुळगुळीत केलेला.

"हाताला टोचंल की, मास्तर! आमच्या दुकानातनं उघडं टोक भाईर जात न्हाय."

आतून त्याची बायको अंबूबाई ओरडली, "ह्यांनी आकाशकंदिलाचंबी टोक ठेचलंया!"

मास्तर खालीच बसले. "अहो, माझं सगळं बोलणं टोकावर आहे. हा पत्रा उलगडला की सपाट. खालची कड म्हणजे नुसती रेघ. टोक म्हणजे ठिपका. तिघांची जात निराळी, तरी वस्तू एक. ती एकमेकांना कशी जुळतात, तेच सांगायचंय. टोकच नाही, तर मी नरसाळंच दाखवू का? सकाळी गाडी आहे."

आकाराम ओशाळला. त्याने नवा पत्रा कापला, वळवला. पण टोकाशी डाक लावली की ती पुन्हा वितळून ओघळायची.

"काय होतंय?" मास्तरांनी विचारलं.

"धग पत्र्यावर पसरती. टोकाशी आली की तिला जायाला जागाच न्हाय. तिथंच साचती."

मास्तर ताडकन उठले. "परत म्हणा!"

"डाक वितळती."

"त्याच्या आधीचं!"

आकारामने पुन्हा सांगितलं. मास्तरांनी ते वहीत उतरवलं, मग स्वतःच टोकाखाली ओला फडका धरून बसले. टोक साधलं, तेव्हा दिवस बुडाला होता.

"मास्तर, जेवण ऱ्हायलं की तुमचं!"

"आता उद्याच," म्हणत ते शंकू छातीशी धरून हसत गेले. आकारामला मात्र त्या रात्री भाकरी गोड लागली नाही.

आठवड्याने मास्तर आले. "धगीचं कुठून सुचलं, म्हणून विचारलं सगळ्यांनी. म्हटलं, आमच्या पत्रेवाल्यांनी सांगितलं."

"मग? हसली असतील."

"हसले. आणि मग अर्धा तास त्याच्यावरच भांडले!"

आकारामने ते अख्ख्या गल्लीला ऐकवलं, काहींना दोनदा.

पुढच्या जूनमध्ये मास्तरांची सांगलीला बदली झाली. जायच्या आधी ते डब्याचं झाकण बसवून घ्यायला आले. तीच दोघांची शेवटची गाठ.

"घट्ट बसतंय ना?" मास्तरांनी विचारलं.

"बसतंय की. जावा आता, दिवस हाय तवर जेवून घ्या."

"येतो."