सुयांमुळे नव्हतं ते

काल आमच्या टाउनशिपच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एकीने विचारलं, प्रेग्नन्सीत अ‍ॅक्युपंक्चर केलेलं चालतं का? धडाधड उत्तरं आली. चालतं, अजिबात नाही, माझ्या जाऊबाईंनी केलं होतं… मी तीनदा टाइप केलं आणि तीनदा पुसलं, म्हणून इथे लिहितेय.

चार वर्षं झाली. आम्ही भोपाळला नवे होतो, नवरा कारखान्यात इंजिनिअर, सासूबाई आमच्याजवळ. मला दिवस जाऊन दोन महिने आणि वर आठवडा झाला होता आणि कंबर अशी धरली होती, की पोळ्या लाटताना ओट्याला टेकून उभी राहायचे.

गोळी घ्यायची नाही, हे सासूबाईंनी बजावलं होतं. त्यांच्या गुडघ्यांना कम्युनिटी हॉलमधल्या सुयांनी छान आराम पडला होता. एक वयस्कर अ‍ॅक्युपंक्चरवाले आठवड्यातून दोनदा तिथे बसायचे. पोटात औषध जात नाही, म्हणजे बाळाला त्रास नाही… असा आमचा दोघींचा साधा विचार.

आता हॉल म्हणजे काय, तर ओळीने खुर्च्या आणि खुर्च्यांवर निम्मी कॉलनी. शेजारच्या सक्सेना आंटी, समोरच्या ब्लॉकमधल्या दोघी, सगळ्या हातापायांत सुया टोचून निवांत गप्पा मारत बसलेल्या. माझा नंबर लागला तेव्हा त्या गृहस्थांनी सगळ्यांना विचारतात तसं मलाही विचारलं, "बेटी, पेट से तो नहीं हो?"

आमच्याकडे तीन महिने भरेपर्यंत कुणाला सांगत नाहीत, दृष्ट लागते म्हणून. माझ्या सख्ख्या आईलाही सांगितलं नव्हतं, मग सक्सेना आंटींच्या देखत कसं सांगणार? मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या चटकन म्हणाल्या, "नहीं नहीं, अभी कहाँ." आणि मी मान हलवली.

बघा म्हणजे. पोटात बाळ आहे म्हणून गोळी नको, गोळी नको म्हणून सुया… आणि सुया लावणाऱ्यालाच सांगायचं की बाळबिळ काही नाही. दोघीही शिकल्यासवरलेल्या. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय.

सुया कंबरेत लागल्या, एक घोट्याच्या आतल्या बाजूला, जरा वर, आणि एक हाताच्या अंगठ्याच्या बेचक्यात. फारसं दुखलं नाही. कंबर खरंच हलकी झाली, मी घरी येऊन भाकऱ्या थापल्या.

पाचव्या दिवशी सकाळी ब्लीडिंग सुरू झालं. दुपारपर्यंत सगळं संपलं होतं.

हॉस्पिटलच्या कॉटवर मी मोबाइलवर शोधत बसले. घोट्याजवळची आणि अंगठ्याजवळची ती जागा गरोदरपणात टाळतात, असं वाचलं. आम्हीच मारलं त्याला… एवढं एकच डोक्यात.

डॉक्टरबाई राउंडला आल्या तेव्हा मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "सुई से नहीं हुआ है. इतने शुरू में ज़्यादातर गर्भ में ही कमी होती है, टिकता नहीं. पर उनको सच बताना था ना… और पहले मुझसे पूछ लेतीं."

तर ग्रुपवर विचारणाऱ्या ताई, माझ्याकडे उत्तर एवढंच आहे. आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, शिकलेल्या माणसाकडेच जा, आणि त्याला खरं सांगा. मग आजूबाजूला कोणीही बसलेलं असू दे.

पण मला सलतंय ते पुढचं…

घरी आले तर सासूबाई दारातच उभ्या. "काय म्हणाल्या डॉक्टर? सुयांमुळे झालं का गं?" एक वाक्य बोलायचं होतं मला, नाही आई, एवढंच. आणि मी म्हटलं, "त्या काही बोलल्या नाहीत."

का, ते मला तेव्हाही कळत होतं. मान मी हलवली होती, पण शब्द त्यांचा होता. हे कुणाच्या तरी डोक्यावर ठेवायचं होतं, आणि माझ्या डोक्यावर मला ते पेलत नव्हतं.

कॉलनीत मुळात कुणाला माहीतच नव्हतं, त्यामुळे भेटायलाही कोणी आलं नाही. तिसऱ्या आठवड्यात सक्सेना आंटी जिन्यात भेटल्या, "बहू, खुशखबरी कब सुना रही हो?" मी हसले. घरात येऊन बाथरूमचा नळ सोडला आणि भरपूर रडले.

सासूबाईंनी हॉलमध्ये जाणं बंद केलं. गुडघे सुजले, त्या भिंत धरून चालायला लागल्या, माझ्याशी बोलताना खाली बघायला लागल्या. मी रोज बघत होते… आठ महिने.

मग एकदा देवासमोरून उठताना त्या पडल्या. मी उचललं आणि म्हटलं, "आई, जा ना परत सुयांना." तर म्हणाल्या, "नको गं. त्या दिवशी माझ्याच तोंडून 'नाही' गेलं."

मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं, डॉक्टरबाईंचा शब्द न् शब्द. त्या तेव्हाच म्हणाल्या होत्या आणि मीच दडवलं, हेही सांगितलं.

त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला. "गुणाची आहेस गं. मला बरं वाटावं म्हणून किती खोटं बोलतेस."

मी शपथा घेतल्या. त्या डॉक्टरबाईंची तोवर बदली झालेली, आणि दुसऱ्यांकडे चला म्हटलं तर म्हणतात, तू त्यांना आधीच पढवून ठेवशील… आठ महिने उशिरा सांगितलेलं खरं कोण धरणार?

सासूबाई अजूनही भिंत धरून चालतात. घरी येईल त्याला कौतुकाने सांगतात, माझ्या सुनेनं मला एका शब्दानंही दोष दिला नाही. आणि मी समोर बसून ते ऐकते…