पाच रुपयांची खाडी

सर्व्हेचं काम मला मिळालं ते बोलघेवडेपणामुळे, आणि पहिल्याच दिवशी तोंडाला कुलूप लागलं. पुण्याहून आलेल्या साहेबांनी बजावलं, "प्रश्न एकदाच विचारायचा. समोरचा जो आकडा सांगेल तो लिहायचा. आग्रह नाही, घासाघीस तर मुळीच नाही." प्रश्न असा: खाडीत जाणारं सांडपाणी अडवून ती स्वच्छ केली, तर त्यासाठी तुमचं घर महिन्याला किती पैसे देईल? रत्नागिरीजवळच्या दोन खाड्या यादीत होत्या. जिथले लोक जास्त द्यायला तयार असतील, त्याच खाडीला निधी मिळणार होता.

आमच्या खाडीवर पहिलंच घर एका मावशीचं. ओहोटीला चिखलात बसून तिसऱ्या वेचायच्या आणि बाजारात विकायच्या, एवढ्यावर तिचं घर चालतं. घाण पाण्याने त्या शिंपल्या मरायला लागलेल्या. म्हटलं, ही तरी घसघशीत आकडा सांगणार. मावशीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "पाच रुपये."

पाच! मी चाटच पडले. पण नियम म्हणजे नियम. पाच लिहिले, सही घेतली आणि उठले. "बस की गो, एवढ्यात कुठं निघालीस?" ती म्हणत राहिली. मला वाटलं, चहासाठी. पुढच्या घरी दहा, त्यापुढे पाच, एकाने तर दोन. सगळे मला थांबवत होते आणि मी आपली शहाण्यासारखी पुढे पळत होते.

निधी दुसऱ्या खाडीला गेला. अहवालात आमच्याबद्दल एकच ओळ: स्थानिकांना खाडीचं फारसं मोल वाटत नाही. हे कळवायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

मावशी ऐकून तडकलीच. "अगो, पाच ही माझी पहिली बोली! तू पन्नास म्हणायचंस, मी दहा म्हणायचं, असं कुठंतरी जमलं असतं. बाजारात कधी गेली नाहीस काय?"

गेले होते की! लहानपणापासून याच बाजारात मासे घेतेय. सांगितलेल्या भावाच्या निम्म्याने सुरुवात करते आणि मागून हाक येईल म्हणून दोन पावलं चालायला लागते. मला स्वतःची इतकी चीड आली की बस्स.

"बरं, आता लिही," मावशी म्हणाली. "पन्नास."

"मावशी, आता ते..."

"शंभर."

मी मान खाली घालून पिशवी उचलली. तिला वाटलं, अजून कमी पडतंय.

"दोनशे," ती म्हणाली, "पण आता उठून जाऊ नकोस."