टॉवरवरचं आग्या मोहोळ

ज्याला चारपेक्षा जास्त पाय आहेत, त्याचं आणि माझं लहानपणापासून पटलेलं नाही. शेतकऱ्याच्या घरात जन्मले, शेतकऱ्याच्याच घरात पडले, तरी साधं झुरळ दिसलं की मी पाटावर चढते. आई म्हणायची, "तू चुकून आमच्यात आली. तुला इंदिरानगरच्या बंगल्यात टाकायची होती देवानं." बंगला काही मिळाला नाही. मिळाला एकलहऱ्याच्या अलीकडचा एक एकर, त्याच्या बांधाला लागून हायटेन्शनचा उंच टॉवर आणि वीज केंद्रात कंत्राटावर काम करणारा नवरा.

भावानं माहेरचं शेत विकलं आणि इंदिरानगरात चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. आई तिथं एक उन्हाळा राहिली. पावसाळा सरता सरता ती माझ्याकडं आली, ती एका पिशवीत दोन लुगडी आणि एका गोणीत कांदे घेऊन. खायचे कांदे नव्हते ते. उळं धरायला निवडून ठेवलेले होते.

आमच्याकडं कांद्याच्या बियाला उळं म्हणतात. ते वर्षभरच टिकतं, दुसऱ्या वर्षी उगवेलच याची खात्री नाही. म्हणून घरचं बी राखायचं तर दरसाल निवडक कांदे पुन्हा जमिनीत लावायचे, त्यांना डोंगळे येऊ द्यायचे, म्हणजे लांब दांड्यांवरची पांढरी गोल फुलं, आणि त्यातून नवं उळं धरायचं. एक साल चुकलं की संपलं. आईला तिच्या आजेसासूनं दिलेलं ते बी आईनं आयुष्यभर असंच सांभाळलं होतं. आता शेत गेलं होतं. त्या शेताचं जे काही जगात उरलं होतं, ते या गोणीत होतं.

दिवाळीच्या सुमारास आम्ही ते कांदे विहिरीजवळच्या वाफ्यांत लावले. संक्रांतीनंतर डोंगळे फुलले, इतके देखणे की येणारे-जाणारे फोटो काढायला थांबायचे. आई मात्र फुलांकडं न बघता फुलांवरच्या हवेकडं बघत बसायची. तिथं काहीच उडत नव्हतं. आजूबाजूच्या द्राक्षबागांत फवारे चालू होते, आभाळ सारखं भरून यायचं, आणि मधमाशी त्या साली आमच्याकडं फिरकलीच नाही. माशीशिवाय डोंगळ्यात दाणा भरत नाही.

मग आईनं जुनी पद्धत काढली. सकाळी दव सुकलं की वाफ्यात शिरायचं आणि एकेका डोंगळ्यावरून तळहात हलकेच फिरवायचा, म्हणजे या फुलाचं पिवळं त्या फुलाला लागतं. झालेल्या ओळीच्या टोकाला ती लुगड्याची चिंधी बांधायची, नाहीतर कुठली ओळ झाली हे कळायचं नाही. मलाही तिनं जुंपलं. तिसऱ्या-चौथ्या डोंगळ्यालाच माझ्या हातापुढं, दोन दांड्यांच्या मध्ये ताणलेल्या जाळ्यात, माझ्या तळव्याएवढा पसरलेला काळा-पिवळा कोळी बसलेला दिसला. मी अशी किंचाळले की विहिरीवरची पाखरं उडाली.

आईनं येऊन शांतपणे बघितलं. जाळं रिकामं होतं.

"त्याला कशाला भ्याचं?" ती म्हणाली. "त्यो बी माशीचीच वाट बघतोय. आपल्यासारखाच उपाशी हाय."

नंतर गुळाच्या पाण्याचा प्रयोग झाला. गोड वासानं माशी येते म्हणून डोंगळ्यांवर गुळाचं पाणी शिंपडतात, पण पातळ. आईचा हात सढळ. तिनं पाक म्हणावा असं पाणी केलं. दुसऱ्या दिवशी माशी नाही, मुंगळे आले. तालुक्यातले सगळे आले असावेत. काळेकुळकुळीत, टपोरे, दांड्यावरून चढणारे आणि माझ्या कोपरापर्यंत पोचणारे. मी बांधावर उभी राहून नाचत होते आणि आई हसत होती. पण चिंध्या बांधलेल्या ओळींची फुलं सुकायला लागली होती.

एका दुपारी आम्ही दोघी वाफ्यात खुरपत होतो. आधी मला वाटलं, गावातली गिरणी चालू झाली. पण गिरणीचा आवाज एका जागी असतो, हा सरकत होता. मी वर बघितलं. टॉवरच्या बाजूनं काळपट धूर यावा तसं काहीतरी येत होतं, आणि त्या धुराला प्राण होता.

"आग्या!" आई म्हणाली. "खाली बस. पदर घे डोक्यावर. हात हलवू नको."

मी चिखलात पालथी पडले. आवाज अंगावरून जाऊ लागला. पाठीच्या मणक्यातून तो मला जाणवत होता, दातांत जाणवत होता. भीती वाटली, फार वाटली. आणि खोटं कशाला सांगू, भीतीच्या खालून आणखी काहीतरी येत होतं. एवढं मोठं काहीतरी माझ्यावरून चाललंय आणि त्याला माझी दखलसुद्धा नाही, याचं एक विलक्षण सुख वाटलं. पदराच्या फटीतून मी बघितलं, तर आई पालथी नव्हती. उकिडवी बसून, तोंड वर करून, देवळात बघावं तशी बघत होती.

संध्याकाळपर्यंत ते सगळं टॉवरच्या एका आडव्या हाताला लोंबकळलं. दाराच्या फळीएवढं मोहोळ, आणि दिसत होत्या नुसत्या माश्या, एकीवर एक. एक गांधीलमाशी त्याच्याजवळ घिरटी घालायला गेली, आणि तेवढ्यात त्या सगळ्या पडद्यावरून वरपासून खालपर्यंत एक लाट सरसरत गेली. म्हशीच्या अंगावर माशी बसली की ती कातडं थरथरवते ना, तसं. गांधीलमाशी मागं फिरली. पुन्हा आली, पुन्हा लाट. हजारो जीवांना एकाच वेळी कोण सांगत असेल? मी मान दुखेपर्यंत बघत राहिले.

नवरा ड्युटीवरून आला आणि त्याचा चेहरा पडला. त्याची जायची-यायची वाट बरोबर टॉवरखालून होती, वस्तीवरची पोरंही तिथूनच शाळेला जात.

"मामी, आग्या हाय हा. उठला तर माणूस मारतो," तो म्हणाला. "उद्या धूर करणारा बोलावतो."

त्याचं चूक नव्हतं. आई म्हणाली, "जावईबापू, फुलं सरंपर्यंत थांबा. मग तुमी म्हणाल तसं. माझं शेत नाय ऱ्हायलं, आता एवढंच हाय."

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. घरात किडा मारायला चप्पल घेऊन आधी धावणारी मी. मी म्हटलं, "अहो, आधी जरा वर बघा." तेवढ्यात पुन्हा लाट गेली. तो बघत राहिला, हातातला डबा तसाच धरून. शेवटी म्हणाला, "फुलं सरंपर्यंत. आन् पोरान्ला मी सांगतो, कालव्याकडून जायचं." तोही मग रोज कालव्याकडून लांबून जायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाफा हलत होता. वारा नव्हता. अजून फुलात असलेल्या प्रत्येक डोंगळ्यावर बोटाच्या पेराएवढ्या माश्या, पायांना पिवळं लागलेलं, दांडे त्यांच्या वजनानं झुकत होते. आई त्यांच्यातून अशी चालत गेली की जणू आठवडे बाजारात ओळखीच्या बायका भेटल्यात. मग तिनं मला हाक मारली. मी गेले. कशी गेले मला माहीत नाही. एक माशी माझ्या मनगटावर उतरली. तिचे पाय मला जाणवले, तिचं पोट धापा टाकल्यासारखं हलताना दिसलं. दमलेली होती. थोडं बसली आणि कामाला निघून गेली. मी रडत होते, हे आईनं सांगितल्यावर मला कळलं.

फुलं सरली तशी एका पहाटे टॉवर रिकामा झाला. धूर करणारा बोलवायची वेळच आली नाही. वर मेणाचं पांढुरकं पोळं तेवढं लटकत राहिलं.

चैत्रात डोंगळे खुडून वाळवले, चोळले, पाखडले. माश्यांच्या ओळींतून काळंभोर उळं सुपात सळसळत पडलं, डबा भरून. चिंध्यांच्या ओळी आईनं वेगळ्या चोळल्या. बहुतेक फोलपटंच निघाली. तळाशी उरलं ते चिमूटभर. आईनं ते तळहातावर घेतलं, कांद्यानं काळवंडलेल्या, भेगा पडलेल्या तळहातावर, आणि हसत सुटली.

"एवढी घासली, आन् एवढंच? माशीच्या पायाची सर नाय माझ्या हाताला."

मी डब्याचं झाकण उघडून पुढं केलं. तिनं हात मागं घेतला, ती चिमूट पदराच्या टोकाला बांधली आणि गाठ दोनदा आवळली.

"हे वेगळं टाकायचं," ती म्हणाली. "ह्याला माशी नव्हती. ह्याला मी व्हते."

यंदा दोन वाफे टाकलेत. मोठा माश्यांचा. छोट्याच्या कोपऱ्यात काडीला लुगड्याची चिंधी आहे. रोज सकाळी आई आधी छोट्याला पाणी घालते, आणि मी मोठ्याजवळ उभी राहून टॉवरकडं बघते.