न तपासलेली हवा

युसुफभाई गेल्याचं मला ऑफिसच्या ई-मेलवरून कळलं. सुट्टी होती म्हणून मी दुबईपासून लांब रुवैसला, नवऱ्याच्या क्वार्टरवर गेले होते. मेलची सुरुवात जहाज ठरल्या दिवशीच निघेल या ग्वाहीने होती. सातव्या ओळीत त्यांचं नाव, तेही चुकीचं लिहिलेलं, आणि पुढे कारण : परवानगीशिवाय टाकीत शिरल्यामुळे. दोन महिने होत आले... ती ओळ आठवली की अजून दुःखाआधी संताप येतो.

युसुफभाई दुबईतल्या आमच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात वेल्डिंग तपासायचे; मी तिथे कागदपत्रं सांभाळते. मूळ रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. तरुणपणी सहा वर्षं ते जपानमधल्या एका जहाजबांधणीच्या गोदीत होते. एकीकडे नौदलाची करडी युद्धनौका, तिच्याजवळ परदेशी कामगारांना फिरकू देत नसत. शेजारी मालवाहू जहाज, त्यावर हे. कुणाच्या नजरेला कधीच पडणार नाही अशा कोपऱ्यातला जोड तिथल्या म्हाताऱ्या उस्तादाने त्यांच्याकडून तीनदा घासून काढवला आणि पुन्हा करून घेतला. "मी वैतागलो हो ताई," ते सांगायचे, "म्हटलं, एवढे लाड त्या नेव्हीच्या जहाजाचे करा. तर म्हातारा म्हणाला, तिकडेही माणसंच झोपणार आणि इकडेही."

आमच्या यार्डात त्यांच्या या शिस्तीची टिंगल व्हायची. मॅनेजर त्यांना 'जपानी' म्हणायचा. जहाज तोलून धरण्यासाठी तळाच्या ज्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरतात, त्या रिकाम्या करून महिनोन्‌महिने बंद ठेवल्या की आतला गंज हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो. वास नाही, धूर नाही... माणूस दोन श्वासांत कोसळतो. म्हणून आधी मीटरने हवा तपासायची, पंख्याने ताजी हवा आत सोडायची. आमचा मीटर बिघडलेला होता, पंखा दुसऱ्या जहाजावर नेलेला. युसुफभाईंनी त्याबद्दल तीन पत्रं लिहिली, प्रत्येकाच्या दोन प्रती, हाताने. एक मॅनेजरला, एक मला. "ताई, ही तुमच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. तोंडी सांगितलेलं उद्या कुणी कबूल करणार नाही."

त्या दिवशी काय झालं ते मला परतल्यावर कळलं. सकाळी त्यांनी टाकीत उतरण्याच्या परवान्यावर सही करायला नकार दिला. मॅनेजर म्हणाला, "यल्ला, खलास करो," म्हणजे चला, उरका, आणि सही स्वतःच ठोकली. पाटण्याचा फिटर रमेश आत उतरला आणि शिडीच्या पायथ्याशी कोसळला. श्वास घ्यायचा संच स्टोअरमध्ये, कुलपात. किल्ली सापडेना. आत काय आहे हे यार्डात सगळ्यांत चांगलं कुणाला माहीत असेल, तर युसुफभाईंना. तरी तेच उतरले, दम रोखून.

हॉस्पिटलमध्ये रमेश मला म्हणाला, "मॅडम, उन्होंने मुझे नीचे से धकेला. ऊपर वालों ने मेरा कॉलर पकड़ा, तब उनका हाथ छूट गया."

आणि या माणसाला यार्डाच्या अहवालात 'नियम मोडणारा' ठरवलं! मी कामावर परतले तेव्हा मॅनेजरच्या फाइलमधली तिन्ही पत्रं गायब होती. माझ्या ड्रॉवरबद्दल कुणाला ठाऊक नव्हतं. फाइलमधल्या पत्रांबद्दल विचारलं तर मॅनेजर म्हणाला, "आपकी भी नौकरी है, सोच लीजिए." मी विचार केला. दोन रात्री झोप नव्हती, खोटं कशाला सांगू... तिसऱ्या दिवशी पत्रांच्या झेरॉक्स मी चौकशीला आलेल्या सरकारी अधिकाऱ्याच्या हातात दिल्या. आता तो अहवाल मागे घेतलाय, परवान्यावरच्या सहीची चौकशी सुरू आहे. मॅनेजर अजून त्याच खुर्चीत बसतो. मीही बसते, त्याच्या समोर.

मूळ पत्रं घेऊन मी अल कुसैसला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी सईदाभाभींनी गॅसवर चहा ठेवला. त्यांच्या बारा वर्षांच्या मुलीने, सनाने विचारलं, "आंटी, डिड पापा ब्रेक द रूल?"

"नाही बेटा. नियम पाळा म्हणून सांगणारे ते एकटेच होते."

मी तिच्या हातात पत्रं दिली. तिने तिन्ही वाचली, सावकाश, ओठ हलवत. मग शेवटचा कागद उलटा केला आणि मागच्या बाजूने बोट फिरवू लागली. युसुफभाई पेन इतकं दाबून लिहायचे की प्रत्येक अक्षर मागे उमटलेलं होतं. तिने शेजारी येऊन बसलेल्या आईचं बोट धरून त्या उमटलेल्या सहीवर ठेवलं. चहा उतू गेला, तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.