देवरामने अंगावर घेतलेला आजार

देवराम काल गेला. लिव्हर संपलं होतं. वय तिशीच्या आत.

गेली काही वर्षं मी जव्हार-मोखाड्यात एका प्रोजेक्टवर काम करते. मजुरीसाठी शहरात जाणाऱ्या पोरांमध्ये इंजेक्शनची नशा किती आहे आणि त्या सुईतून कोणते आजार घरी येतात, हा आमचा रिसर्च.

देवराम पोशेऱ्याच्या पुढच्या एका पाड्यावरचा. त्याचं नाव लिहितेय, कारण माझं नाव लपवू नका असं त्यानेच सांगून ठेवलं होतं. त्याच्या मित्रांची नावं लिहिणार नाही.

पहिल्या इंटरव्ह्यूत मी फार घोळवून घोळवून विचारत होते. तो हसून म्हणाला, "बाय, तुमचा प्रश्न संपेस्तोवर मोखाड्याची जीप सुटंल. सुईचा विचारायचाय ना? विचारा."

विचारलं.

भिवंडीकडे पुलाच्या कामावर त्याच्या पाड्यातले चौघे एकत्र होते. डबल ड्युटी. अंग ठणकायचं. कुणीतरी इंजेक्शन दाखवलं, आणि ते रोजचं झालं.

सुई एकच. चौघांत.

नवी मिळत नव्हती का? मिळायची.
धोका माहीत नव्हता? थोडा होता.

"मग?"

"एका पाड्याची पोरां आमी. मी वेगळी घेतली तर त्यांना काय वाटंल?"

त्यांच्याकडे मोहाची प्यायला बसले की पळसाच्या पानाचा एकच द्रोण फिरतो. आधी म्हाताऱ्यांकडे, मग खाली. आपला वेगळा द्रोण घेऊन बसणारा माणूस म्हणजे भांडून आलेला माणूस.

तीच रीत पोरांनी पुलाखाली नेली होती.

त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. हेपॅटायटिस सी. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या त्याने नेमाने घेतल्या. विषाणू गेलासुद्धा. पण लिव्हर तोवर दगड झालं होतं. डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं.

स्वतःबद्दल तो फार बोलला नाही. बाकीच्या तिघांचं काय, एवढंच विचारत राहिला.

त्याच्या रिपोर्टबद्दल आम्ही त्यांना काही सांगू शकत नव्हतो. तो सांगू शकत होता. त्याने सांगितलं.

तिघेही तपासायला नाही म्हणाले.

मला वाटलं, घाबरले असतील. तसं नव्हतं. रक्त तपासायचं म्हणजे चौघांतल्याच कुणीतरी आजार दिला हे मान्य करायचं. भावावर आळ घ्यायचा. त्यांच्यातला सगळ्यात रागीट तर मलाच टोमणा मारून गेला, की ताई, तुम्ही आजार शोधायला आलाय की चोर?

मग बोहाडा आला. देवांची सोंगं नाचवायला कामावर गेलेली सगळी पोरं घरी परततात. सोंगं उतरल्यावर सकाळी अख्खा पाडा एकत्र बसला होता. मी कडेला चहा घेत होते.

देवराम उठला. पोटात पाणी झालेलं. उभं राहायलाही त्रास.

"माझ्यापासून झाला म्हना. पयली सुई मीच टोचली. आता कुनी कुनाचं नाव घ्यायला नको. जा, रगत दाखवा."

पुढच्या आठवड्यात जव्हारच्या दवाखान्यात एक आला. मग दुसरा. रागीट होता तो सगळ्यात शेवटी आला, माझ्याकडे न बघता बाही वर केली.

ज्यांना आजार निघाला, त्यांचे उपचार वेळेत सुरू झाले.

देवरामच्या आईशी मात्र त्यांच्या आया बोलेनाशा झाल्या. नाचणी लावायला तिला कुणी हाक मारेना. हिच्या पोराने आपल्या पोरांना आजार दिला, एवढंच पाड्याला कळलं होतं.

मी सगळ्यांना समजावून सांगते म्हटलं तर त्याने मला गप्प केलं. आधी त्यांच्या गोळ्या संपू देत, म्हणाला. मधेच पुन्हा भांडली तर सोडून देतील.

काल अग्नी देऊन सगळे परत आले. मी ओट्यावर त्याच्या आईशेजारी बसले. तिने विचारलं, माझ्या पोराने खरंच दिला का?

"मावशी, कुणी कुणाला दिला ते आमच्या तपासणीत कळत नाही. त्यालाही ठाऊक नव्हतं."

अंगणात ते तिघे होते. त्यांच्या आया होत्या. सगळ्यांनी ऐकलं.

तो रागीट मुलगा पुढे आला आणि तिच्या पायाशी बसला.

"काकी, पयली सुई मी टोचली. तो तर नको म्हनत होता."

त्याची आई तोंडाला पदर लावून उभी राहिली.

देवरामची आई त्या मुलाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही याला हाकलून देईल. हाकललं असतं तरी तो तिचा हक्कच होता.

तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, "तुझ्या गोळ्या संपल्या ना रे सगळ्या?"

त्याने मान डोलावली. मग रडायला लागला.

देवराम, तिघेही बरे आहेत.

नीट जा.